बघू

मगदूमांच्या आडतीत चारशे बारापासून पुढं
प्रत्येक बिल दोनदा निघालं.
एक आदगोंडाअण्णांच्या लॉगिनमधून: राजापुरी, बावीस पोती.
एक त्रिशलावहिनींच्या: नऊ पोती, गिऱ्हाईक निराळं.
मशीन एकच, पंधरा दिवसांपूर्वी आणलेलं,
तरी की-बोर्डच्या फटींत हळद बसलेली.
अण्णा म्हणाले, “माझ्यात बरोबर हाय.”
वहिनी काही बोलल्या नाहीत. पेन्सिलीनं मांडलेलं
एक पान माझ्याकडं सरकवलं.

दोघांची बोलाचाल बंद आहे, असं
चहाच्या पोरानं मला जिन्यातच सांगितलं होतं.

प्रोग्राम जुना. कुणा बेडगेसरांनी लिहिलेला,
मशीनपुढं बसेल तो मालक, अशा काळातला.
खाती प्रोग्राम फाइल्समध्ये,
शेवटचा बिल नंबर रजिस्ट्रीत, सगळ्यांच्या सामाईक खोलीत.
चपला घालून घरभर हिंडायची त्याला सवय.

नव्या विंडोजनं कुलपं बदलली.
साध्या लॉगिनला तिथं वाचायची मुभा, लिहायची नाही.
पण एवढ्या जुन्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?
म्हणून ते म्हणालं, बघू.
आणि अण्णांनी लिहिलेलं अण्णांच्या नावानं गुपचूप वेगळं पुरलं,
वहिनींचं वहिनींच्या.
वर हिरव्या अक्षरांत: नोंद झाली.

हरिपूरला पेवं असायची. वरनं सपाट माती,
पायाखाली किती हळद आहे ते चालणाऱ्याला कळायचं नाही.
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं,
कोंडलेली हवा माणूस घेते.
आधी कंदील सोडायचा.
मी कर्सर सोडला:
युजर्स, अण्णांचं नाव, ॲपडेटा, लोकल,
त्याच्याही खाली व्हर्च्युअलस्टोअर.
तिथं पंधरवड्याचा धंदा, एकटा, अंधारात.
शेजारच्या पेवात दुसरा.
आणि मूळ जागेवर, जिथं लिहितोय असं दोघांना वाटत होतं,
शेवटचं बिल चारशे अकरा.

कुणीच खोटं बोलत नव्हतं.
हे मी मोठ्यानं म्हटलं. दोघं
वेगवेगळ्या भिंतींकडं बघत राहिले.

मालक म्हणाले, “ॲडमिन करून टाका की सगळ्यांना.”
म्हटलं, एक वही उघडायची म्हणून
तिजोरीसकट किल्ल्यांचा जुडगा कुणी वाटतं का?

बेडगेसरांच्या मुलाकडून मूळ कोड मिळाला.
त्यात प्रोग्राम नुसता नंबर वाचायला जातानाही
पूर्ण ताबा मागत होता. वाचायचंय एवढंच म्हणाला असता
तर दार उघडंच होतं.
आणि नकार आला तर काय करायचं, त्या ओळीत
काहीच नव्हतं. दोन कंस, मधे मोकळी जागा.

खाती हलवली, दोघांना लिहिता येईल अशा एका फोल्डरात.
बिल नंबरही तिथंच.
प्रोग्रामच्या कपाळाला चिठ्ठी लावली:
मला नव्या रीती कळतात, माझ्याशी सरळ बोल.
मोकळ्या कंसात मी मराठी वाक्य टाकलं.
मग मुद्दाम परवानगी काढून घेऊन
अण्णांना नोंद करायला लावली.
त्यांनी चष्मा वर करून वाचलं:
“परवानगी नाही. काहीही लिहिलं गेलेलं नाही.”
“आता कसं,” म्हणाले, “माणसागत बोललं.”
वहिनी हसल्या. बहुतेक अण्णांनाही ऐकू गेलं.

दोन्ही पेवांतली बिलं जुळवायला रात्रीचे नऊ झाले.
नंबर कुणाचे बदलायचे यावर पुन्हा थोडं भांडण झालं, पण
ते समोरासमोर.

बुधगावच्या रस्त्याला लागण्याआधी
गाडी कडेला घेतली, दादाला फोन लावला.
सातबाऱ्यावर माझं नाव चढवायचं
नऊ वर्षं चाललंय.
म्हटलं, दादा, एवढंच सांग.
फक्त बघू म्हणू नकोस.

पलीकडं टीव्हीचा आवाज कमी झाला.
“जेवलीस का?” दादा म्हणाला.